जेवणाच्या सुट्टीतली मावशी

मावशी, तुझी मेडशीची गाडी आत्ताच गेली. मी मालेगावच्या स्टँडवर आपल्या नेहमीच्या बाकावर बसले आहे. खरं तर वाशिमहून उतरून मी सरळ घरी जायला पाहिजे होतं. स्वरा शेजारच्या काकूंकडे वाट पाहत असेल, कणीक मळायची आहे, उद्याच्या डब्याचे हरभरे भिजत घालायचे आहेत. पण गेले कित्येक दिवस होतं तसंच आजही झालं. उतरले, घराकडे चार पावलं गेले, परत फिरले. बसले, उठले, पुन्हा बसले. तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले, आणि या एकवीस दिवसांत मला एका जागी धड बसवत नाही.

तू गेल्याचं मला फोनवर कळलं. मी लॅबमध्ये होते. एका आजोबांच्या दंडाला रबर बांधलं होतं, शीर शोधत होते, आणि बाजूला ठेवलेल्या फोनवर शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तुझा फोटो आला. ओळखपत्रावरचा फोटो. त्यात तू डोळे इतके मोठे केले होतेस, की कुणी दटावून उभं केल्यासारखी दिसत होतीस. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या शाळेतील सेविका कौसल्याबाई यांचे आज सकाळी राहत्या घरी निधन झाले.’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीसुद्धा दोन जोडलेले हात पाठवले. दुसरं काही सुचलंच नाही. मग आजोबा म्हणाले, "बाई, रबर तं सोडा, हात बधिर झाला माया."

त्यांचं रक्त मी घेतलं. त्या दिवशी आणखी कितीतरी जणांचं घेतलं. तुझ्या गावाला जाणारी गाडी समोरच्या रस्त्यावरून जात होती आणि मी बाटल्यांवर नावं लिहीत बसले.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. मला तर ती विसरता येत नाही. स्वरा तेव्हा पहिलीत होती. मला सकाळी पावणेआठची वाशिमची गाडी पकडायची असायची, म्हणून तिच्या डब्यात मी हाताला लागेल ते टाकायची. कधी क्रीमची बिस्किटं, कधी कुरकुरीत काहीतरी पुड्यातलं, कधी ब्रेडला जॅम. पुडा फोडायचा, डब्यात ओतायचा, झाकण लावायचं, झालं. एका शनिवारी मला सुट्टी होती म्हणून मी तिला घ्यायला शाळेत आले. फाटकापाशी सात-आठ बाया उभ्या होत्या. तू हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलीस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस,

"तुमी स्वराची आई नं? कावो बाई, पोट्टीच्या डब्यात रोज पुडा कायले टाकता? दुपारच्याले बेंचावर डोकं टेकवून झोपून राह्यते ते."

मागून कुणीतरी हसलं. माझे कान तापले. घरी, बाजारात मी तुझ्यासारखीच बोलते, पण त्या क्षणी मी मुद्दाम पुस्तकी बोलले. म्हणाले, "माझ्या मुलीला काय द्यायचं, ते मी बघते. तुम्ही तुमचं काम करा."

तू फाटक उघडलंस आणि मला वाट दिलीस.

पुढचं जे सांगायचं आहे, ते मी दोन वर्षं तुझ्याशेजारी बसून सांगितलं नाही. सोमवारी गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली आणि वाशिम येईपर्यंत मी हेडसरांना फोनवर एक लांबलचक पत्र लिहिलं. मधल्या सुट्टीत शिपाई बाई मुलांच्या डब्यात हात घालतात, एकाचं दुसऱ्याला देतात, असं लिहिलं. तेवढं खरंच होतं, स्वरानंच ते घरी सांगितलं होतं. पण मी तिथं थांबले नाही. ज्या हातांनी संडास धुतले जातात त्याच हातांनी आमच्या मुलांचं अन्न हाताळलं जातं, असंही लिहिलं. शेवटी ‘कृपया नाव गुप्त ठेवावे’ असं लिहून पाठवून दिलं. ‘आरोग्य’ हा शब्द मी त्या पत्रात तीनदा वापरला होता, मावशी. त्या दिवशी स्वराच्या डब्यात गुलाबी क्रीमची बिस्किटं होती.

दोन दिवसांत कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर कागद लागला. शिपाई कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या डब्यांना हात लावू नये. तुला जेवणाच्या सुट्टीत फाटकावर उभं राहायला सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, अद्दल घडली. असंच वाटलं होतं, आता लपवून काय करू?

मग थंडी सुरू झाली. स्वराला सारखा ताप येऊ लागला, जिना चढताना ती मध्येच बसायची. मी रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणारी बाई, पण माझ्या मुलीच्या खालच्या पापणीचा पांढरा रंग मला दिसला नव्हता. लॅबमध्ये आणून तिच्या बोटाला मीच सुई टोचली. हिमोग्लोबिनचा आकडा पाहिला आणि यंत्र बिघडलंय असं समजून पुन्हा तपासलं. तोच आकडा आला. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत काय खाते ही?" मी स्वराकडे पाहिलं. त्यांनी स्वरालाच विचारलं.

स्वरा म्हणाली, "आता काहीच नाही खात. आधी मावशीची भाकर खायची."

"कोणती मावशी?"

"शाळेतली. मी तिला बिस्किट द्यायची, ती मला भाकर अन् तिळाची चटणी द्यायची. आता ती येत नाही. सर रागावतात तिला."

मी डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवत राहिले. किती महिने, मावशी? पूर्ण पावसाळाभर तू माझ्या मुलीला तुझ्या फडक्यातली भाकर देत होतीस, आणि मी समजत होते, डबा रिकामा येतो म्हणजे पोरगी पोटभर जेवते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शाळेत आले. चूक कबूल करायची असं ठरवूनच आले होते. तू फाटकापाशी स्टुलावर बसली होतीस. आत व्हरांड्यात मुलं डबे उघडून बसली होती आणि तू मान वळवून वळवून तिकडे पाहत होतीस. मी म्हणाले, "मावशी, स्वराला डब्यात काय देत जाऊ?"

"मले नका इचारू बाई आता," तू म्हणालीस. "मले मनाई हाय."

"कशाची?"

"डब्यापाशी जायाची. कोन्यातरी बाईनं लिवून देल्लं हेडसरले. माये हात घान हायेत म्हने." आणि तू हसलीस. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तू हसत सांगितलंस, "सुट्टीच्या घंटीआधी साबन लावून कोपरापावतर धुत होती मी. लेकरायचेही धुवून घेत होती. पन कोनाले सांगू?"

माझ्या तोंडात आलेलं सगळं परत खाली गेलं. मी "बरं" म्हणून घरी निघून गेले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी वाशिमच्या गाडीतून उतरले, तर याच बाकावरून तू हाक मारलीस. "ओ लॅबवाल्या बाई, इकडं या. शाळेत मनाई हाय, स्टँडावर नाई."

तिथून सुरू झालं सगळं. माझी गाडी यायची आणि तुझी गाडी सुटायची यांच्यात वीस मिनिटं असायची, कधी तुझी गाडी उशिरा आली तर अर्धा तास. त्यात आपली शाळा भरायची. पहिल्याच दिवशी तू माझं ‘तुम्ही’ बंद केलंस. "मले तुमी-तुमी नको करू व. मले वाटते मी कोन्या हापिसात आली."

मला वाटायचं पौष्टिक म्हणजे काहीतरी मोठं, तासभर राबून करायचं. तू म्हणालीस, आधी डबा कमी भर. "दाबून नको भरत जाऊ. लेकरू डबा पाहूनच घाबरते. थोडं दे, संपवू दे, मंग ते दुसऱ्या दिवशी आपल्या मनानं मांगते." भाकर गरम पाण्यात मळायची, पातळ थापायची, तूप लावून तिळाची चटणी पसरायची आणि गुंडाळी करायची. "एका हातानं खाता आलं पायजे. दुसऱ्या हातानं ते खेळून राह्यते." मुगाची डाळ रात्री भिजवून, सकाळी वाटून तिचं धिरडं करायचं, त्यात मेथी बारीक चिरून टाकायची. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून द्यायच्या, सोलत बसायला मुलांना आवडतं. शेंगदाणे आणि गूळ तर बारा महिने.

मी म्हणाले, हरभऱ्यावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट मी तुला शिकवली. तू म्हणालीस, "माई माय हरभऱ्यावर लिंबू पिळेच. तिले कोन्या लॅबनं सांगतलं होतं?"

तीन महिन्यांनी मी स्वराचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा वर आला होता. तो कागद घेऊन मी गाडीतून अक्षरशः उडी मारली. तुला वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता. मी वाचून दाखवलं. तू कागद हातात घेतलास, उलटा-सुलटा पाहिलास आणि म्हणालीस, "आता पुडा बंद म्हंजे बंद." मग तुझ्या पिशवीतून एक बिस्किटाचा पुडा काढलास आणि आपण दोघींनी तो चहात बुडवून संपवला. स्वराची बिस्किटं तू तेव्हा काय करायचीस ते मला त्या दिवशी कळलं. "मले आवडते ना," म्हणालीस. "माये दिवस गेले आता रक्त वाढवाचे."

भांडणंही काय कमी झाली? सोयाबीनवरून तर आपलं कधीच पटलं नाही. मी म्हणायचे, आपल्या शिवारात सगळीकडे सोयाबीन आहे, भाजून, दळून कणकेत थोडं मिसळलं तर मुलांना केवढी ताकद मिळेल. तू म्हणायचीस, "सोयाबीन इकाले असते. खाले थोडीच असते?" मी एकदा तसली पोळी करून आणली. तू तुकडा मोडलास, हुंगलास, चावलास आणि शेजारच्या कुत्र्याकडे पाहिलंस. मी चिडले. "त्यात काय असतं ते मी तुला कागदावर दाखवते," म्हणाले. "कागद तू खा," तू म्हणालीस. मी अजूनही सांगते, मावशी, तुझं ते चुकत होतं. बरोबर भाजलं की वास येत नाही. तुला दुसऱ्यांदा करून आणायची होती, ते राहून गेलं.

पण माझा जीव तळमळतो आहे तो सोयाबीनच्या भांडणासाठी नाही.

स्वरा तिसरीत गेल्यावर तिच्या डब्याला एक मुलगी हसली. ‘ही गावातली भाकर खाते,’ म्हणाली. त्यानंतर डबा चाटूनपुसून घरी यायचा आणि मी खूश व्हायचे. तूच मला सांगितलंस, की पोरगी भाकर वर्गाच्या मागे नेऊन टाकते. "मी फाटकातून पाह्यलं, तीन दिस झाले. पन मले जाता नाई आलं तिच्यापाशी." मग थोडा वेळ तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. मी तुला इतकी अडखळताना कधी पाहिलं नव्हतं.

"एक काम करशीन?" तू म्हणालीस. "तू शिकेल हायेस. पालकसभेत बोल नं. मले डब्याच्या सुट्टीत बसू द्या म्हन. मी सगळ्या लेकरायले गोल बसवत होती, तं कोनी कोनाले हासत नोयतं. सगळे सगळ्यायचं खात होते. मी हात नाई लावत कोनाच्या डब्याले. चमचा घेऊन येईन घरून."

चमचा घेऊन येईन म्हणालीस. मावशी, त्या वाक्यानं मला अजूनही झोपेतून उठल्यासारखं होतं, भर दिवसा, मशीनसमोर उभी असताना.

मी म्हणाले, "बोलते."

नाही बोलले. पहिल्या सभेत मी तिसऱ्या रांगेत बसले होते. हेडसर म्हणाले, कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा. मी तोंड उघडलं आणि मनात आलं, सर म्हणतील, मॅडम, तक्रार तर तुमचीच होती. मी पाणी प्यायले. दुसऱ्या सभेला मी गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुला म्हणाले, "काय करू, काल वाशिमची गाडीच लेट झाली."

तू माझ्याकडे वळलीस. "काहून खोटं बोलते व? गाडी तं टायमावर आली होती. मी अथीच बसेल होती. तुले उतरताना पाह्यलं, घराकडं जाताना पाह्यलं."

खोटं पकडलं गेलेलं माणूस काय करतं, तेच मी केलं. आवाज चढवला. "तुला एवढं काय पडलंय? तुझी नातवंडं शिकतात का त्या शाळेत?"

तू उठलीस. पिशवी खांद्याला अडकवलीस आणि स्टँडच्या त्या टोकाला, रसवंतीच्या अलीकडे जाऊन उभी राहिलीस. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही. मी बाकावर, तू तिकडे. मध्ये सगळे प्रवासी. मला उठून येता आलं असतं. पंचवीस पावलं असतील नसतील. मी रोज ती मनात चालून पाहायचे आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहायचे.

मग त्या मंगळवारी तूच आलीस. बसली नाहीस. एक छोटी डबी माझ्या हातात दिलीस. "जवसाची चटनी हाय. तिखट कमी टाकलं. पोट्टीले दे." मी म्हणाले, "बस ना." तू म्हणालीस, "गाडी लागून राह्यली." लागलेली नव्हती, अजून पाच मिनिटं होती. पण तू गेलीस. बुधवारी मला लॅबमधून निघायलाच उशीर झाला. गुरुवारी तुझा तो फोटो आला.

तुझ्या तेरवीला मी मेडशीला आले. पहिल्यांदाच आले, बघ. दोन वर्षांत तू किती वेळा बोलावलंस, हुरड्याला ये, शेंगा खायला ये. घर शोधावं लागलं नाही, गल्लीत मांडव दिसत होता. इंझोरीहून तुझी लेक वंदना आली होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण लगेच ओळखलं, चालताना हात मागे बांधायची तुझी सवय तिनं उचलली आहे. ती परसात भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी एकटी होती, तेव्हा मी तिला गाठलं. नाव सांगितलं.

"लॅबवाल्या बाई ना तुमी?" ती म्हणाली. "माय लय बोले तुमच्याबद्दल. स्वराचं रक्त वाढलं, तं त्या दिवशी घरी येऊन सगळ्यायले सांगतलं तिनं."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी एका दमात सांगून टाकलं. "वंदना, हेडसरांना ते पत्र मी लिहिलं होतं. तिच्या हातांबद्दल. मीच."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. नळाचं पाणी वाहत होतं, तिनं ते बंद केलं.

"मायले सांगतलं होतं हे?"

"नाही."

"मंग मायले सांगाचं होतं." ती मोठ्यानं बोलली नाही. "तो कागद लागला त्या दिवशी मी माहेरीच होती. शाळेतून आली अन् दगडानं हात घासत बसली होती ते. मी म्हटलं काय झालं, तं म्हने हळदीचे डाग हायेत. मले मंग भावानं सांगतलं. आता मले सांगून काय करू मी? तुमाले हलकं वाटलं आसन. मी काय करू याचं?"

मी विचारलं, "तिला माहीत होतं का, कुणी लिहिलं ते?"

"मले नाई मालूम. तिनं कधी कोनाचं नाव नाई घेतलं." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि परत भांड्यांकडे वळली. "जेवून जा. पंगत बसून राह्यली. आलेलं मानूस उपाशी गेलं तं तिले चाललं नसतं."

मी पंगतीला बसले. पान स्वच्छ केलं. तुझ्या घरी अन्न टाकायची माझी हिंमत नव्हती.

वंदनाचं बरोबर होतं. तिला सांगून मी माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं आणि मोकळी झाले, म्हणजे व्हायला बघत होते. झाले मात्र नाही. गाडीत मेडशी ते मालेगाव मी उभीच राहिले, जागा रिकामी असून. कंडक्टर म्हणाला, "बसा की मॅडम." मी म्हणाले, "राहू द्या."

शनिवारी पालकसभा होती. हेडसरांनी सुरुवातीला सगळ्यांना तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे खाली बसले, मी बसले नाही. सर म्हणाले, "बोला मॅडम."

मी म्हणाले, "कौसल्या मावशींना डब्याच्या सुट्टीतून काढलं, ते माझ्या तक्रारीमुळे. मी लिहिलं होतं की त्यांचे हात अस्वच्छ आहेत. मी ते पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चारचौघांत मला बोल लावला होता, त्या रागात मी लिहिलं. त्या माझ्या मुलीला स्वतःची भाकर खाऊ घालत होत्या."

हेडसर म्हणाले, "मॅडम, मी तुमचं नाव कुणालाही सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच मी सांगते आहे, सर."

मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "ते गेली आता. आता बोलून काय उपयोग?" तिला मी ओळखते. मला तिचा रागही आला नाही, कारण रस्ताभर मी स्वतःला तेच विचारत आले होते. मी म्हणाले, "त्यांना उपयोग नाही. पण ती नोटीस काढा. जी नवीन मावशी आली आहे तिला मुलांमध्ये बसू द्या. मुलांना गोल बसवा. डब्यात पुडे नको, हे आपण आया मिळून ठरवू, शिपायाच्या तोंडून ऐकायची वेळ आपल्यावर यायला नको होती."

चर्चा झाली, तू असतीस तर कंटाळली असतीस. कुणी म्हणालं, आमच्या मुलाला मेथी आवडत नाही. कुणी म्हणालं, सकाळी वेळ कुठं असतो. एका बापानं मात्र विचारलं, भाकर दुपारपर्यंत मऊ कशी ठेवायची. मी सांगितलं. सगळं तुझंच सांगितलं, तुझं नाव घेऊन. शेवटी सर म्हणाले, "लेखी द्या." मी तिथंच उभ्या उभ्या कागदावर लिहिलं आणि खाली पूर्ण नाव, गाव, सही केली. सोमवारी फळ्यावरची नोटीस निघाली.

सगळं काही सुरळीत झालं असं समजू नकोस. दोन बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. एकीनं ग्रुपवर लिहिलं, ‘काही लोकांना उशिरा जाग येते.’ खरंच लिहिलं तिनं. आणि पुडे बंद झालेले नाहीत, अर्ध्या डब्यांत अजून तेच असतं.

काल संध्याकाळी मी स्वराला विचारलं, "नवी मावशी कशी आहे? बसते का तुमच्यात?"

"बसते," स्वरा म्हणाली. पेन्सिल चावत होती. "पण ती चांगली नाही."

"का गं?"

"ती कुणावर रागवतच नाही. मी अर्धं धिरडं ठेवलं तरी छान म्हणते. त्या आर्यननं चिप्स आणले तरी छान म्हणते." मग तिचा चेहरा एकदम वाकडा झाला. "आपली मावशी केवढी ओरडायची, आई."

ती रडायला लागली, आणि मी तिला जवळ घेऊन तशीच बसून राहिले. एकवीस दिवसांत तेवढाच वेळ मी एका जागी बसले असेन.

मावशी, माझं चुकलं. वंदनाला सांगून झालं, सभेत सांगून झालं, पण ज्या माणसाला म्हणायचं त्याला आज पहिल्यांदा म्हणते आहे. तू काय केलं असतंस मला ठाऊक नाही. कदाचित हसली असतीस. मला ते नको आहे. तू उठावंस, कंबरेवर हात ठेवावेस आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं मला बोलावंस, लोकांनी वळून वळून पाहावं, कुणी हसावंही, आणि मी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. तुझं ते रागावणं माझ्या हक्काचं होतं. ते घ्यायला मी वेळेवर आले नाही.